विकलेल्या ट्रकचा दुसरा जन्म

ट्रक म्हणून कारखान्यातून पुष्कळदा निघते ती नुसती चॅसी. हौदा, फाळके आणि टपावरची नक्षी बॉडी बांधणारे कारागीर मालकाच्या धंद्याप्रमाणे घडवतात. म्हणून नांदेड-लातूरकडचा ट्रक हातोहात विकला जातो तेव्हा मरत नाही, धंदा बदलतो. लांबच्या मालवाहतुकीला नकोसा झालेला ट्रक हंगामात ऊस ओढतो किंवा टंचाईत टाकी चढवून पाणी वाहतो. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. अशा गावात टँकरला गिऱ्हाईक शोधावे लागत नाही. मात्र हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन, तेही वळणावर डचमळणारे. टाकीत आडव्या जाळ्या नसतील तर जुने ब्रेक आणि पाटे किती सोसणार? बदलाआधी आरटीओची मंजुरी हवी, असे मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते ते उगाच नाही.

गरिबाने नवा ट्रक आणायचा कुठून, हा आक्षेप रास्त आहे. पण माझा विरोध जुन्या ट्रकला नाही, जुन्याच कागदांवर चालणाऱ्या नव्या धंद्याला आहे. आठ वर्षांनंतर फिटनेस दरवर्षी लागते, आणि ती शिक्क्यापुरती नसावी. विकणाऱ्यानेही हात झटकू नयेत. नोंदणीत ज्याचे नाव, तोच भरपाईला जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार खटल्यात म्हटले आहे. व्यवहारानंतर चौदा दिवसांत आरटीओला कळवा.