एक रुपया, पंधरा कोटी

विदर्भातल्या झरी जामणीच्या पराटीपासून ऑस्ट्रेलियातलं कापसाचं रान सुमारे 9 हजार किलोमीटरवर. मुंबई-पुणे अशा तब्बल 60 खेपा! तरी एका कराराने दोन्ही रानं एकाच बाजारात आणून ठेवली. 29 डिसेंबर 2022 ला भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करार लागू झाला आणि तिथली 51 हजार टन रुई दरवर्षी बिनशुल्क येण्याची वाट मोकळी झाली.

51 हजार टन म्हणजे किती? चला, मोजू. 170 किलोची एक गाठ, म्हणजे 3 लाख गाठी. एका गाठीला सरकीसकट साधारण 5 क्विंटल कापूस लागतो, म्हणजे 15 लाख क्विंटल. ट्रकमागे 100 क्विंटल धरा, झाले 15 हजार ट्रक. प्रत्येकाला 10 मीटर जागा द्या आणि एकामागे एक उभे करा. रांग 150 किलोमीटर! पहिला ट्रक मुंबईत, शेवटचा पुण्यात. लांब धाग्याच्या कापसाचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये. त्या भावाने या रांगेची किंमत 1,216 कोटी 50 लाख रुपये!

छाती दडपली? पण देशात वर्षाला 3 कोटी गाठींच्या आसपास पीक निघतं. ही अख्खी रांग त्यातला शंभरावा हिस्सा! शिवाय तिला शेवट आहे, कारण करारात आकडा लिहिलेला आहे.

आता 2025 चा ऑगस्ट बघा. अमेरिकेने भारतीय मालावरचं जादा शुल्क 27 तारखेपासून 50 टक्क्यांवर नेलं. हजाराच्या मालावर पाचशेचा बोजा! त्याआधीच, 19 तारखेला, आपल्या सरकारने कापड उद्योगाला दिलासा म्हणून कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क उठवलं. आधी 30 सप्टेंबरपर्यंत, मग 31 डिसेंबरपर्यंत. 135 दिवस! सूतगिरण्यांना स्वस्त रुई मिळाली. पण दसरा, दिवाळी, ऐन वेचणीचा हंगाम याच दिवसांत आला. आणि शुल्कमाफीच्या या दाराला गाठींची मर्यादाच नव्हती.

आणि भाव हलला की काय होतं? 3 कोटी गाठी म्हणजे 15 कोटी क्विंटल कापूस. 15 लाख ट्रक. 15 हजार किलोमीटरची रांग, मुंबई-पुणे रस्त्यावर शंभर पदरी! यात क्विंटलमागे एक रुपया घसरला, तर 15 कोटी रुपये गेले. दहा घसरले, 150 कोटी. शंभर घसरले, 1,500 कोटी!

जून महिन्यात सरकी टोबणाऱ्याला दिवाळीचा बाजार दिसत नाही. जग डळमळत असताना करारात लिहिलेला आकडा तरी त्याला पेरणीआधी मोजता येतो. रातोरात निघणारा आदेश मोजता येत नाही. म्हणून शुल्क चढो की उतरो, त्याची तारीख आणि मर्यादा पेरणीआधी जाहीर झालीच पाहिजे. एकेका रुपयावर 15 कोटी टांगलेले आहेत!