गार्डिनरचे सातशे मीटर

ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस टोरांटोच्या गार्डिनर द्रुतगती मार्गावर, डफरिन स्ट्रीट ते स्ट्रॉन ॲव्हेन्यू या टप्प्यातल्या सगळ्या मार्गिका पुन्हा वाहत्या झाल्या. अंतर म्हणाल तर अवघे ७०० मीटर, पायी दहा मिनिटांचे. पण मार्च २०२४ पासून या तुकड्याने सगळ्या शहराची कोंडी केली होती. दोन्ही दिशांना तीनच्या जागी दोनच मार्गिका उरल्या होत्या आणि रोजची वाहने होती सुमारे १,४०,०००. मूळ वेळापत्रकाप्रमाणे हे हाल २०२७ पर्यंत चालायचे होते. काम दीड वर्ष आधी उरकले. हा वेग कसा साधला, आणि मुळात रस्त्याची ही गत का झाली, हे दोन्ही समजून घेण्याजोगे आहे. उड्डाणपुलांचे वय वाढत असलेल्या प्रत्येक शहराला या कहाणीतून काही घेता येईल.

ओंटारिओ सरोवराच्या काठाने जाणारा हा मार्ग सुमारे १८ किलोमीटरचा आहे. मिसिसागा किंवा ओकव्हिलकडून निघालेली गाडी क्वीन एलिझाबेथ वे हा महामार्ग सोडून नकळत गार्डिनरवर येते आणि थोड्याच वेळात उंच इमारतींच्या मधून, जमिनीच्या बऱ्याच वर धावू लागते. त्या उपनगरांत राहणाऱ्या आणि शहरात नोकरीला जाणाऱ्या मराठी कुटुंबांनाही हा रस्ता रोजच्या सवयीचा आहे. १९५३ साली महानगर टोरांटोची परिषद स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष फ्रेडरिक गार्डिनर यांचे नाव या मार्गाला दिलेले आहे. बांधकाम १९५५ मध्ये सुरू झाले, पहिला भाग १९५८ मध्ये खुला झाला आणि १९६६ मध्ये मार्ग पूर्ण झाला.

त्यासाठी शहराने बरेच काही गमावले. सरोवरकाठचे सनीसाइड हे लाडके करमणूक उद्यान गेले, पार्कडेलच्या दक्षिण भागातली घरे गेली. १८१३ च्या लढाईची साक्ष देणारा फोर्ट यॉर्क हा किल्लाही आखणीत सापडला होता. इतिहासप्रेमी नागरिक हटून बसले, म्हणून रस्ता वळवावा लागला आणि किल्ला वाचला. आजही महामार्ग त्याला खेटून, वळसा घालून जातो.

आता दुखण्याकडे वळू. मुंबईच्या पुलांना खारा वारा खातो. टोरांटोचे सरोवर गोड्या पाण्याचे आहे, तिथे मीठ येते ते ट्रकमधून. हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून मीठ पसरतात. बर्फ वितळतो आणि ते खारे पाणी डांबराच्या भेगांतून स्लॅबमध्ये उतरते. काँक्रीट बाहेरून दगडासारखे भासले तरी आतून सच्छिद्र असते. मिठातले क्लोराइड हळूहळू सळईपर्यंत पोहोचते आणि सळईला जपणारा पातळ थर मोडते. मग गंज धरतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, त्यामुळे तो आतून रेटा देतो, काँक्रीट तडकते आणि त्याची खपली सुटते. भेगांत शिरलेले पाणी गोठले की फुगते, वितळले की आणखी आत जाते, आणि एका हिवाळ्यात हे चक्र पुन्हा पुन्हा फिरते.

सगळ्यात नाजूक जागा म्हणजे सांधे. उन्हाथंडीत पूल लांबतो-आखडतो, त्यासाठी स्लॅबच्या दोन तुकड्यांमध्ये फट ठेवतात. तिथले रबर झिजले की खारे पाणी थेट गर्डरच्या टोकांवर आणि खांबांच्या माथ्यावर ठिबकते. वरून जाणाऱ्याला यातले काही दिसत नाही. रस्ता गुळगुळीत असतो, आणि ज्यावर सारा भार तोललेला आहे ते टोक खाली कुजत असते. २०१२ मध्ये गार्डिनरखालून काँक्रीटचे तुकडे पडू लागले, तेव्हा हे लपलेले दुखणे सगळ्या शहरासमोर आले.

तपासणीची पहिली पायरी आजही साधी आहे. हातोड्याने पृष्ठभाग ठोकत जायचे. घट्ट काँक्रीट खणखणते, आतून सुटलेले बद्द वाजते. बद्द वाजलेला भाग खाली पडण्याआधी हातानेच फोडून काढतात. पुढच्या चाचण्या क्लोराइड किती खोल गेले आणि सळई कुठे गंजते आहे ते सांगतात. पण ठिगळे लावण्यालाही मर्यादा असते. जुन्या, मीठ मुरलेल्या काँक्रीटमध्ये नवा तुकडा भरला की पुष्कळदा त्याच्या कडेलाच नवा गंज सुरू होतो. एका टप्प्यानंतर स्लॅबच बदलावा लागतो.

डफरिन ते स्ट्रॉन भागात तेच झाले. जुना स्लॅब आणि त्याखालचे गर्डर काढून नवे घातले, खांबांची डागडुजी केली. वाहतूक चालू ठेवून हे करायचे म्हणजे एक पट्टा मोकळा करायचा, तो कापून उचलायचा, नवा घालायचा, मग गाड्या नव्यावर आणून पुढच्या पट्ट्याला हात घालायचा. शेजारून गाड्या धावत असताना कामगार स्लॅब कापायची यंत्रे चालवत होते. याआधी जार्व्हिस ते चेरी स्ट्रीट या पूर्वेकडच्या भागात कारखान्यात घडवलेले स्लॅबचे तयार तुकडे आणून बसवले होते. ते काम २०२१ मध्ये संपले.

मग दीड वर्ष वाचले कुठे? काँक्रीटला घाई करता येत नाही. ते ओतले की त्याला ताकद धरायला वेळ द्यावाच लागतो. वाचवता येतो तो रिकामा जाणारा वेळ. २०२४ च्या उन्हाळ्यात ओंटारिओच्या प्रांतिक सरकारने काम लवकर व्हावे म्हणून ७.३ कोटी डॉलरपर्यंत जादा निधी देऊ केला आणि काम चोवीस तास, आठवड्याचे सातही दिवस सुरू झाले. टोरांटोत २०२६ च्या विश्वचषक फुटबॉलचे सामने ठरलेले होते आणि त्यांचे मैदान या तुकड्याच्या अगदी शेजारी, ही निकडही होतीच. जादा मजुरी, जादा यंत्रे, रात्रपाळ्या यांतून वेग मिळाला. त्याची किंमत तिजोरीने भरली तशी शेजारच्या इमारतींत झोपू पाहणाऱ्यांनीही भरली. लाखो लोकांचे रोजचे तास वाचणार असतील तर ही किंमत योग्य होती, असे मला वाटते. पण यशाचे श्रेय वाटताना त्या रहिवाशांना आणि थंडीच्या रात्री उंचावर राबलेल्या माणसांना वगळणे अन्यायाचे होईल.

हा रस्ता ठेवावाच का, यावरही टोरांटोने मनापासून वाद घातला आहे. डॉन नदीच्या पूर्वेचा तुकडा २००१ मध्ये पाडला. काही खांब आठवण म्हणून उभे ठेवले आणि त्यांच्या कडेने सायकलींचा मार्ग झाला. जार्व्हिसच्या पूर्वेचा उंच भाग पाडावा की ठेवावा यावर २०१५ मध्ये नगर परिषदेत मतदान झाले, तेव्हा २४ विरुद्ध २१ अशा निसटत्या बहुमताने मार्ग काही बदलांसह राखण्याचे ठरले. २०२३ च्या अखेरीस शहर आणि प्रांत यांच्यात करार झाला. गार्डिनर आणि डॉन व्हॅली पार्कवे या दोन्ही द्रुतगती मार्गांचा भार प्रांताने आपल्याकडे घ्यायचे मान्य केले, कारण एका शहराच्या कराच्या पैशांतून तो पेलणारा नव्हता.

दरम्यान रस्त्याखाली एक सुंदर गोष्ट घडली. फोर्ट यॉर्कजवळ खांबांच्या त्या उंच मांडवाखाली, जूडी आणि विल मॅथ्यूज या दांपत्याच्या २.५ कोटी डॉलरच्या देणगीतून ‘बेंटवे’ हे सार्वजनिक ठिकाण उभे राहिले. जानेवारी २०१८ मध्ये तिथे बर्फावर घसरत फिरण्याची वाट खुली झाली. शहराला सरोवरापासून तोडतो म्हणून ज्या पुलाला लोक नावे ठेवत, त्याच्याच छपराखाली आता मुले स्केटिंग करतात, कार्यक्रम होतात. खाली माणसे जमू लागली की वरचे काँक्रीट धड ठेवण्याची जबाबदारी आणखी वाढते.

या सगळ्यातून एकच गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. पूल बांधण्याचा निर्णय म्हणजे तो जपण्याचाही निर्णय असतो, आणि दुसऱ्या निर्णयासाठी पैसे पहिल्याच दिवशी बाजूला काढले पाहिजेत. गार्डिनरच्या पिढीने रस्ता दिला, त्याचा सांभाळ पुढच्यांवर सोडला. पावसाळ्यापूर्वी सांधे साफ करणे, गळणारे रबर बदलणे, जलरोधक थर वेळेवर घालणे ही कामे स्वस्त असतात. ती चुकली की काही दशकांनी पुलाचा स्लॅबच उचलावा लागतो. या कामांना उद्घाटनाची फीत नसते, म्हणून अंदाजपत्रकात पहिली कात्री त्यांनाच लागते. मुंबई, पुणे, नागपूरमध्ये आज नवे उड्डाणपूल झपाट्याने उभे राहत आहेत. प्रत्येक नव्या पुलाच्या मंजुरीबरोबर त्याच्या पुढच्या पन्नास वर्षांच्या देखभालीची रक्कमही मंजूर व्हावी आणि तपासणीचा अहवाल दरवर्षी लोकांपुढे यावा, ही मागणी आपण आत्ताच करायला हवी. टोरांटोने ७०० मीटर नवे करून दाखवले. त्या मार्गाचे उरलेले टप्पे अजून रांगेत आहेत, आणि आपल्या पुलांवर अजून हातोडा ठोकून पाहायला वेळ आहे.