आई जवळ आहे, पण निवांत आहे का?

चोर्ला घाटात किंवा आंबोलीला गाडी थांबली की खाऊच्या आशेने जवळ येणारी माकडे आपल्या परिचयाची आहेत. काळ्या तोंडाचे लांब शेपटीचे वानर वेगळे. ही ती, ज्यांच्या डोक्यावर टोपी घातल्यासारखे केस असतात आणि मधोमध भांग. इंग्रजी नाव बॉनेट मकाक. भारताच्या दक्षिण भागाखेरीज हे माकड रानात कुठेच सापडत नाही. त्याच्या पिल्लाकडे थोडा वेळ बघत राहावे. ते आईच्या पोटावरून उतरते, चार पावले जाते, एखादे पान चावून बघते आणि दचकले की धावत परत. पुन्हा निघते, या वेळी सहा पावले.

हे बिलगणे आणि हे भटकणे एकमेकांवर अवलंबून आहे, हे अमेरिकेत हॅरी हार्लो यांनी उत्तरेकडच्या रीसस माकडांवर दाखवले. त्यांचा गाजलेला लेख १९५८ चा. जन्मल्यावर काही तासांतच वेगळ्या केलेल्या पिल्लांना त्यांनी दोन खोट्या आया दिल्या, एक तारेची आणि एक मऊ कापडात गुंडाळलेली. दूध तारेच्या आईकडे ठेवले तरी पिल्लू पिण्यापुरते तिथे जाई, बाकी दिवस कापडाला चिकटून. अनोळखी वस्तूंच्या खोलीत कापडी आई असली तर आधी तिला मिठी, मग हळूहळू वस्तूंची तपासणी. ती नसली तर पिल्लू कोपऱ्यात अंग आखडून बसे.

बहुतेक जण गोष्ट इथेच संपवतात. पण कापडी आईकडे वाढलेली ही पिल्लेही मोठेपणी कळपात रमली नाहीत, आणि त्यांतल्या कित्येक माद्यांना स्वतःची पिल्ले सांभाळता आली नाहीत. हार्लो यांचे पुढचे एकांतवासाचे प्रयोग तर वाचवत नाहीत.

आपल्या घाटातल्या माकडांची पाळी नंतर आली. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये लेनर्ड रोझेनब्लम यांनी आया काढून घेतल्या नाहीत, फक्त त्यांच्या जेवणाची रीत बदलली. त्यांचा १९८४ चा अभ्यास मला हार्लोंपेक्षा अधिक बोलका वाटतो. एका गटाला अन्न सहज मिळे. दुसऱ्याला नेहमीच लाकडाच्या भुशात उकरून शोधावे लागे. तिसऱ्याला काही दिवस सहज, मग काही दिवस कष्टाने, असे आलटून पालटून. उपाशी कोणीच नव्हते.

सर्वांत जास्त हाल कष्ट करणाऱ्यांचे झाले असतील असे वाटेल. झाले तिसऱ्या गटाचे. उद्या काय, याचा भरवसा नसलेल्या आया आपसांत जास्त कुरबुरत, एकमेकींचे केस कमी विंचरत, पिल्लाकडेही त्यांचे लक्ष टिकत नसे. त्यांची पिल्ले आईला घट्ट धरून राहिली. खेळणे आणि धुंडाळणे त्यांच्यात सर्वांत कमी दिसले. त्यांतली काही मोठी झाल्यावर तपासली, तेव्हा ताणाशी संबंधित एक मेंदूरसायन त्यांच्या पाठीच्या कण्यातल्या द्रवात जास्त आढळले.

रोझेनब्लम यांनी सहकाऱ्यांबरोबर त्याआधी आणखी एक गोष्ट नोंदवली होती. डुकरासारख्या आखूड शेपटीच्या मकाक जातीत आई नाहीशी झाली की पिल्लू मान घालून, कोणाकडे न बघता बसे. भांगवाल्या माकडांत मात्र कळपातल्या इतर माद्या, म्हणजे मावश्या-काकूच म्हणा ना, त्या पिल्लाला जवळ घेत. थोडा वेळ कावरेबावरे होऊन ते पुन्हा हिंडू लागे.