घरी बसून कचेरीचे काम

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे देशभर टाळेबंदी झाली आणि पुण्या-बेंगळुरूकडे नोकरी करणारे अनेक तरुण गावी परतून घरूनच काम करू लागले. पडवीत संगणकापुढे बसलेल्या मुलास पाहून वडीलधाऱ्यांना प्रश्न पडे, यास नोकरी म्हणावे काय? डोळ्यांआडचा कर्मचारी नेटके काम करील काय, अशी शंका अधिकाऱ्यांनाही येई.

या शंकेचे उत्तर चीनमधील शांघाय येथे प्रयोगाने शोधण्यात आले. सीट्रिप या प्रवाससेवा कंपनीने २०१०-११ मध्ये दूरध्वनी केंद्रातील २४९ इच्छुक कर्मचाऱ्यांचे दोन गट केले. एका गटाने नऊ महिने आठवड्यातील चार दिवस घरी व एक दिवस कचेरीत काम केले. या गटाची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली. त्यातील ९ टक्के वाढ विश्रांती व आजारपणाच्या रजा घटल्यामुळे, तर उरलेली ४ टक्के प्रामुख्याने घरातील शांततेमुळे झाली. नोकरी सोडण्याचे प्रमाण निम्म्यावर आले. तथापि पुढे निवडीची मुभा मिळताच बऱ्याच जणांनी पुन्हा कचेरीच पसंत केली. एकाकीपणा हे त्याचे प्रमुख कारण होते. शिवाय कामगिरीच्या मानाने घरच्या गटास बढत्याही कमी मिळाल्या.

दूरध्वनीवरील काम ज्याचे त्याने करावयाचे असते. परस्परांच्या साहाय्याने चालणाऱ्या कामाची गोष्ट वेगळी. मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतील ६१ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. २०२० मध्ये सर्वजण घरी गेल्यावर निरनिराळ्या विभागांतील दुवे विरळ झाले, प्रत्यक्ष संभाषण घटले व लेखी निरोप वाढले, असे त्यात आढळले. नवीन माहिती बहुधा अशा दुव्यांवाटेच येते.

यावर मध्यम मार्ग आहे. त्याच चिनी कंपनीने २०२१-२२ मध्ये १,६१२ कर्मचाऱ्यांवर दुसरा प्रयोग केला. एका गटास आठवड्यातून दोन दिवस घरून काम करण्याची मुभा दिली. पुढील दोन वर्षांतील मूल्यमापनात व बढत्यांत दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही; राजीनामे मात्र एक तृतीयांशाने घटले.

यावरून बोध असा की, केवळ हजेरी म्हणजे काम नव्हे आणि केवळ एकांत म्हणजे सोय नव्हे. अधिकाऱ्यांनी कामाचे मोजमाप आधी ठरवावे आणि एकत्र येण्याचे दिवस सर्वांसाठी समान ठेवावेत. नवशिक्यास अनुभवी सहकाऱ्याचा सहवास अवश्य लाभू द्यावा. घरच्या मंडळींनीही पडवीतील त्या मुलास कामाच्या वेळी हाक मारू नये. तोही कामावरच आहे.