बंदी उठलेली नाही

मुंबईच्या कुठल्याही भाजी बाजारात कॅरीबॅगचा विषय काढा, एक वाक्य हमखास ऐकू येतं: "बंदी होती ना, पण ती कधीच उठली." बोलणाऱ्याचा बंदीला विरोध असतोच असं नाही. पिशव्या नकोत, गटारं तुंबतात, गायी मरतात, हे तोच माणूस सांगतो आणि कोथिंबिरीची जुडी कॅरीबॅगेत घालून घरी नेतो. बंदीला पाठिंबा आहे, पण ती लागू आहे यावर कुणाचा विश्वास नाही. म्हणून आधी हेच स्पष्ट करायला हवं.

राज्य सरकारची अधिसूचना 23 मार्च 2018 रोजी निघाली आणि 23 जूनपासून दंड सुरू झाला: पहिल्यांदा 5 हजार, दुसऱ्यांदा 10 हजार, तिसऱ्यांदा 25 हजार आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. ती बंदी आजही कायम आहे. 'उठली' असं लोकांना वाटण्याचं कारण म्हणजे मधल्या सवलती. दंड सुरू झाल्यावर आठवडाभरातच किराणा मालाच्या पॅकिंगला काही अटींवर मुभा मिळाली. दूध आणि औषधांचं वेष्टन आधीपासूनच वगळलेलं होतं. 2022च्या अखेरीस आणखी काही वस्तूंना सूट दिली गेली. अशी प्रत्येक बातमी बाजारात पोचेपर्यंत 'प्लास्टिक पुन्हा चालू' एवढीच उरली. हातात धरून न्यायची साधी प्लास्टिक पिशवी मात्र यांतल्या कुठल्याच सवलतीत बसत नाही.

दुसरा गैरसमज जाडीचा. "ही 120 मायक्रॉनची आहे, ही चालते," असं दुकानदार ठामपणे सांगतो, आणि ते तो मनाने रचत नाही. केंद्राच्या नियमांनी पिशवीची किमान जाडी सप्टेंबर 2021 अखेर 75 मायक्रॉन केली आणि डिसेंबर 2022 अखेर 120. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पिशवी जाड झाली की महाग होते, महाग झाली की कुणी फुकट वाटत नाही आणि कचऱ्यातून वेचणाऱ्यालाही ती परवडते, असा त्यामागचा विचार. परंतु राज्याला केंद्रापेक्षा कडक नियम करता येतो आणि महाराष्ट्राने तो केला आहे. इथे कॅरीबॅगला जाडीची सवलत नाही. ती पातळ असो वा जाड, बंद म्हणजे बंद. मला हाच नियम शहाणपणाचा वाटतो. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाने 2014च्या कायद्यात जाड पिशव्यांना वाट मोकळी ठेवली होती. लोक त्याही एकदा वापरून फेकू लागले आणि शेवटी 2024 मध्ये ती वाट बंद करणारा कायदा करावा लागला.

"मग आमची ही कापडासारखी पिशवी?" कपड्यांच्या आणि मिठाईच्या दुकानांत मिळणारी ती रंगीत, खरखरीत पिशवी कापडी नाही. ती पॉलिप्रॉपिलिनची, म्हणजे प्लास्टिकचीच असते. धागा विणून नव्हे, तंतू एकमेकांवर दाबून ती बनवतात. 2018 मध्ये तिच्यावरही बंदी होती. आता दर चौरस मीटरला 60 ग्रॅमहून जास्त वजनाची चालते. बाजारात मिळणाऱ्या कित्येक पिशव्या त्याहून हलक्या आणि झिरझिरीत असतात.

'कंपोस्टेबल' लिहिलेल्या पिशवीबद्दल थोडक्यात. तिचं खत होतं ते मोठ्या खत प्रकल्पातल्या उष्णतेत. गटारात पडली तर तीही पाणी अडवते.

आता एक आक्षेप, ज्यात तथ्य आहे. सुशिक्षित वर्गात ऐकू येतं, की कापडी पिशवी पर्यावरणाला जास्त महाग पडते. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने 2011 मध्ये हिशेब मांडला होता. हवामानावरचा परिणाम पाहिला तर साध्या प्लास्टिक पिशवीची बरोबरी करायला सुती पिशवी 131 वेळा वापरावी लागते, कागदी 3 वेळा. कापसाला लागणारं पाणी, खत, वीज पाहता हे पटण्यासारखं आहे. पण हा हिशेब मुख्यतः पिशवी तयार होण्याचा आहे. ती नाल्यात अडकली की काय होतं, गायीच्या पोटात साचली की काय होतं, हे त्यात मोजलेलं नाही, आणि आपल्या शहरांत त्रास नेमका तिथेच आहे. शिवाय जुन्या साडीची किंवा चादरीची पिशवी शिवली तर नवा कापूस पिकवावा लागत नाही. समारंभात वाटलेल्या, एकदाही न वापरलेल्या नव्याकोऱ्या सुती पिशव्यांचा ढीग घरात असेल, तर आक्षेप आपल्याला लागू पडतो.

"पुनर्प्रक्रिया करा, बंदी कशाला?" असंही म्हणतात. पातळ पिशवी जेमतेम काही ग्रॅमची. किलोभर वजन भरायला शेकडो वेचाव्या लागतात, त्याही ओल्या, खरकट्याने बरबटलेल्या. कचरावेचक बाटली उचलतो आणि पिशवी सोडतो, कारण पिशवीत त्याची मजुरीही सुटत नाही.

बंदीच्या बाजूने बोलणारेही एक चूक करतात. 26 जुलै 2005चा पूर 'पिशव्यांमुळे' आला, असं सांगितलं जातं. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. शहराची जुनी गटारव्यवस्था ओहोटीच्या वेळी, तासाला सुमारे 25 मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या बेताची. त्यात भरती, आणि अतिक्रमणांनी आवळलेली मिठी नदी. पिशव्यांनी गटारांची तोंडं बुजवून संकट वाढवलं; एकट्या पिशव्यांनी मुंबई बुडवली नाही. हे सांगितल्याने बंदीची बाजू दुबळी होत नाही. उलट, नदीपात्रातल्या भरावाचा दोष भाजीवाल्याच्या माथी मारायचं थांबतं.

भाजीवाल्याबद्दलचा गैरसमज मला सर्वांत जास्त खुपतो. कॅरीबॅग त्याला हवी असते, असं आपण धरून चालतो. पिशव्या तो पदरच्या पैशाने आणतो. दिली नाही तर गिऱ्हाईक शेजारच्या गाड्यावर जातं, दिली तर एका दंडात अनेक दिवसांची कमाई जाते. राज्याचा नियम उत्पादन, साठवण, विक्री यांच्याबरोबर वापरालाही लागू आहे. म्हणजे पिशवी मागून नेणारं गिऱ्हाईकही दंडाला पात्र आहे.