नाव देणे आणि नावे ठेवणे

नाव देणे आणि नावे ठेवणे या आपल्या भाषेत दोन भिन्न क्रिया आहेत. पहिलीत वस्तूची ओळख पटते, दुसरीत तिचा निवाडा होतो. काही शब्द मात्र असे आहेत की ते उच्चारताच दोन्ही क्रिया एकदमच घडतात. 'दहशतवाद' हा त्यांपैकी एक होय. 'खून झाला' असे म्हटले तर कोणी केला, कोणाचा केला आणि का केला, असे आपण विचारतो. 'दहशतवाद' म्हटल्यावर बहुधा कोणी काही विचारीत नाही. म्हणूनच ज्या देशात परक्यांची सत्ता सैन्याच्या बळावर उभी असते, तेथे हा शब्द कोण वापरतो हे आधी पाहावे लागते.

मौज अशी की, हा शब्द युरोपात जन्मला तेव्हा तो सरकारला उद्देशून होता. फ्रेंच राज्यक्रांतीत १७९३-९४ साली सत्ताधाऱ्यांनी हजारोंची डोकी उडविली. त्या राज्यपद्धतीला हे नाव पडले. पुढे शतकभरात शब्दाची दिशा फिरली, आणि राज्यकर्त्यांना लावलेले विशेषण राज्यकर्ते इतरांना लावू लागले. आपल्याकडे १९२० च्या सुमारास गांधीजींच्या चळवळीला 'अनत्याचारी असहकारिता' म्हणत असत. म्हणजे शस्त्र उचलील तो 'अत्याचारी', हे आपण स्वतःच गृहीत धरले होते. पुण्यात प्लेगच्या निमित्ताने गोरे सोजीर घरोघर शिरून झडत्या घेत होते, आणि २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. रौलट समितीने १९१८ च्या अहवालात कटांची हकिगत पुण्यापासूनच आरंभिली, आणि १९१९ च्या कायद्याने या साऱ्याला 'अराजक व क्रांतिकारक गुन्हे' असे नाव दिले.

आता आपल्या विदर्भातील प्रकरण पाहू. १६ ऑगस्ट १९४२ हा नागपंचमीचा दिवस. गांधीजी व इतर पुढारी आठवड्यापूर्वीच पकडले गेले होते. त्या वेळच्या चांदा जिल्ह्यातील चिमूर गावी मिरवणूक निघाली, पोलिसांनी गोळीबार केला, आणि बालाजी रायपूरकर हा कोवळ्या वयाचा मुलगा त्यात पडला. जमाव खवळला. त्याच्या हातून सरकारी अधिकारी मारले गेले. त्याच दिवशी वर्धा जिल्ह्यातील आष्टी येथे ठाण्यासमोर गोळीबार होऊन सत्याग्रही पडले, आणि तेथेही जमावाने ठाणेदारास व शिपायांस ठार केले. तीन दिवसांनी चिमुरात गोरी पलटण शिरली. पुरुषांची धरपकड झाली. घरे लुटली गेली. स्त्रियांवर बलात्कार झाल्याच्या तक्रारी पुढे आल्या. डॉ. मुंजे स्वतः तेथे जाऊन आले, नागपूरच्या स्त्रियांनी जाऊन पीडितांच्या तोंडून हकिगती ऐकल्या, आणि त्यांनी चौकशीची मागणी केली.

सरकारने चौकशी नाकारली. प्रा. जयकृष्ण भन्साळी यांनी तिच्यासाठी ६३ दिवस अन्न वर्ज्य केले. वृत्तपत्रांना ही बातमी छापण्यास बंदी होती. तिच्या निषेधार्थ ६ जानेवारी १९४३ रोजी देशातील अनेक वृत्तपत्रे बंद राहिली. १२ जानेवारीला उपोषण सुटले, बंदी उठली, परंतु चौकशी झाली नाही. त्याच महिन्यात, १९ तारखेला, नागपूरच्या तुरुंगात शंकर महाले या तरुणाला फाशी देण्यात आले. चिमूर-आष्टीच्या अनेक आरोपींनाही देहान्ताची शिक्षा झाली होती. अनसूयाबाई काळे यांनी व इतरांनी पराकाष्ठेचे प्रयत्न केले, तेव्हा १९४५ साली अखेरच्या कैद्यांचे फास टळून त्यांना जन्मठेप मिळाली.

येथे शब्दांचा व्यवहार पाहण्यासारखा आहे. जगासमोर सरकार या उठावाला 'दंगे' आणि गुंडगिरी म्हणत होते. परंतु व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी ऑगस्टअखेर चर्चिल यांना खाजगी तारेने कळविले ते वेगळेच. १८५७ नंतरचे हे सर्वांत गंभीर बंड आहे, असे त्यांचे म्हणणे होते. बंड म्हटले की त्यामागे कारण आहे हे मानावे लागते. दंगा म्हटले की पोलीस पुरे होतात. म्हणून एक शब्द दप्तरात ठेवला आणि दुसरा बाजारात पाठविला. जमावाच्या कृत्यासाठी कलमे, खटला आणि फास होते. पलटणीच्या कृत्यासाठी एखादा शब्दसुद्धा नव्हता.

हीच गोष्ट इतरत्रही घडली. जर्मनांच्या ताब्यातील फ्रान्समध्ये १९४४ च्या फेब्रुवारीत मानूशियां यांच्या गटाला गुन्हेगार ठरविणारी लाल भित्तिपत्रके लागली आणि त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. २०२४ साली त्याच देशाने मानूशियां यांचे अवशेष पँथिऑनमध्ये सन्मानाने नेले.

मात्र येथे थांबून आपण समाधान मानले, तर तीही लबाडीच होईल. स्वातंत्र्यानंतर चिमूर-आष्टीचे मृत 'हुतात्मे' झाले, आणि ते योग्यच झाले. परंतु या नव्या शब्दाच्या मागेही काही माणसे झाकली गेली. जमावाने मारलेले अधिकारी व शिपाई परके नव्हते. पगारासाठी सरकारी चाकरी करणारे ते आपलेच देशबांधव होते, आणि त्यांच्याही घरी वाट पाहणारी माणसे होती. 'दंगेखोर' या शब्दाने बालाजीचे मरण झाकले, तसे 'हुतात्मा' या शब्दाने त्यांचे मरण झाकू देता कामा नये.

मग मोजमाप कोणते? आंतरराष्ट्रीय कायद्याने काही वाट दाखविली आहे. १९४९ च्या जिनीव्हा करारांनी ताब्यातील प्रदेशातील नागरिकांना संरक्षण दिले. १९७७ च्या पुरवणी कराराने परकी ताब्याविरुद्धच्या लढ्याला युद्धाचा दर्जा दिला, परंतु निःशस्त्र नागरिकांवरील हल्ला दोन्ही बाजूंना निषिद्धच ठेवला. दहशतवादाच्या सर्वमान्य व्याख्येसाठी संयुक्त राष्ट्रांनी १९९६ साली समिती नेमली, तरी एकमत झालेले नाही. आणि अडखळण्याचे एक मोठे कारण परकी ताब्याखालील लोकांचा लढा हेच आहे.

म्हणून वर्तमानपत्रात हा शब्द आढळला की श्रोत्यांनी एवढेच करावे. शब्द क्षणभर बाजूस सारून कृत्य पाहावे. ज्याला मारले तो शस्त्रधारी होता की निःशस्त्र? गाऱ्हाणे मांडण्याचा दुसरा मार्ग उघडा होता की बंद केला होता? आणि नाव देणाऱ्याच्या स्वतःच्या सैनिकांची चौकशी झाली काय? चिमूरला शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे होते. ते उत्तर ठाऊक असल्यावाचून त्या गावाला नाव देण्याचा अधिकार कोणालाच नव्हता.