बुडालेल्या पाळीचे सहा शिलिंग

रग्बी लीगमध्ये विंगवर धावणारा आणि गोलकिकही मारणारा खेळाडू पोटापाण्यासाठी नेमकं काय करतो, हे समजून घ्यायचं तर सुरुवात मैदानावरून करून चालत नाही. ती हजेरीच्या रजिस्टरापासून करावी लागते. हजेरी, पाळी, खाडा म्हणजे काय हे पोलाद कारखान्याच्या भिलाईत कुणाला समजावून सांगावं लागत नाही, म्हणूनच हा आपल्याकडे फारसा कुणी न खेळलेला खेळ इथल्या सुपेला वस्तीत बसून समजून घ्यायला सोपा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रग्बी हा उत्तर इंग्लंडात, यॉर्कशायर आणि लँकेशायरच्या गिरणीगावांत, कामगारांचा खेळ झाला होता. खाणीत उतरणारे, मागावर उभे राहणारे, गोदीत ओझी वाहणारे लोक शनिवारी अर्धा दिवस काम करून दुपारी सामना खेळायचे. सामना गावातच असला तर निभायचं. पण तो दूरच्या गावी असला की सकाळची पाळी बुडायची आणि पाळीबरोबर मजुरीही. इकडे प्रेक्षक हजारोंनी यायचे, तिकिटांचे पैसे क्लबच्या गल्ल्यात जमा व्हायचे, आणि ज्याला बघायला गर्दी लोटायची तो खाडा पदरचा भरून खेळायचा. उत्तरेतल्या क्लबांची मागणी साधी होती. खेळाचा पगार नको, निदान बुडालेली मजुरी द्यायची परवानगी द्या. सप्टेंबर १८९३मध्ये रग्बी युनियनच्या लंडनमधल्या सभेत हा ठराव २८२ विरुद्ध १३६ मतांनी पडला. दक्षिणेतल्या सुखवस्तू मंडळींच्या मते रग्बी हौसेसाठी होती आणि हौस ज्याची त्याने आपल्या खर्चाने करायची होती.

दोन वर्षांनी, २९ ऑगस्ट १८९५ रोजी, हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेतल्या वीसहून अधिक क्लबांनी वेगळी चूल मांडली. त्यांच्या नॉर्दर्न युनियनने खाड्यापोटी दिवसाला सहा शिलिंगांपर्यंत भरपाई मंजूर केली. आजची रग्बी लीग ती हीच. सिडनीत एखादा विंगर आज व्यावसायिक म्हणून करार करतो, त्या कराराचा पूर्वज म्हणजे हे सहा शिलिंग.

पुढचा तपशील मला फार बोलका वाटतो. १८९८मध्ये नॉर्दर्न युनियनने खेळाडूला उघड पैसे द्यायला मान्यता दिली, पण अट घातली की त्याच्याकडे नियमित नोकरीधंदा हवाच. नोकरी सुटली की खेळणंही बंद. खेळावर जगणारा माणूस आळशी होईल ही भीती या बंडखोरांच्याही मनात होती. ती अट जायला १९०५ उजाडावं लागलं.

पैसा द्यायचा म्हणजे तो तिकिटांतून यायला हवा आणि तिकिटं विकायची तर खेळ बघायला रंजक हवा. म्हणून नियम बदलत गेले. १८९७मध्ये बाजूच्या रेषेवरून रांग लावून चेंडू झेलायची पद्धत बंद झाली. १९०६मध्ये पंधरा खेळाडूंचे तेरा झाले आणि पाडलेल्या खेळाडूने उठून चेंडू टाचेने मागे सरकवत खेळ पुढे चालू ठेवायचा, असा नियम आला. मैदान तेवढंच राहिलं आणि माणसं कमी झाली, त्यामुळे कडेला जागा मोकळी पडली. विंगरचं महत्त्व वाढलं ते या मोकळ्या जागेमुळे. पुढे, १९६०च्या दशकात, एका संघाने किती वेळा पाडलं जाईपर्यंत चेंडू स्वतःकडे ठेवावा यालाही मर्यादा आली. आधी चार वेळा, मग सहा. चढाईला ठरलेली मर्यादा आणि समोर पाडायला टपलेली साखळी, हे चित्र कबड्डी पाहिलेल्या माणसाला ओळखीचं वाटेल.

ऑस्ट्रेलियातही फाटाफूट झाली ती मजुरीवरूनच. १९०७मध्ये ॲलेक्स बर्डन नावाचा खेळाडू खांदा दुखावून घरी बसला. तो पेशाने न्हावी. खांदा गेला म्हणजे रोजची कमाई गेली, आणि त्या काळातल्या रग्बी संघटनेने त्याला भरपाई दिली नाही. सिडनीत चिडलेल्या लोकांच्या बैठका व्हिक्टर ट्रंपरच्या खेळसाहित्याच्या दुकानात व्हायच्या. होय, क्रिकेटवाला ट्रंपरच. ऑगस्ट १९०७मध्ये न्यू साउथ वेल्समध्ये रग्बी लीग स्थापन झाली तेव्हा तो तिचा पहिला खजिनदार झाला. आणि प्रेक्षक खेचायला त्यांनी पहिल्यांदा कुणाला गाठलं? डॅली मेसेंजरला. बाहेरच्या फळीत धावणारा आणि गोलकिकचा बादशहा असलेला मेसेंजर आल्यावर गर्दीही आली.

आता हे काम करायचं कसं ते पाहू. संघात विंगर दोन, जर्सी क्रमांक २ आणि ५. मैदानाची रुंदी ६८ मीटर, विंगर तिच्या दोन्ही कडा सांभाळतो. शेवटची धाव त्याची असते. सहकाऱ्यांनी बचाव मध्ये ओढून घेतला की चेंडू हातोहात कडेला येतो आणि विंगरला दीड-दोन मीटरच्या पट्टीतून, पाय रेषेबाहेर न पडू देता, कोपऱ्यात चेंडू टेकवायचा असतो. ही झाली ट्राय, तिचे गुण चार. पण झळाळीच्या या क्षणांमध्ये बरंच कष्टाचं काम दडलेलं असतं. प्रतिस्पर्ध्याने आकाशात उडवलेला चेंडू अंगावर माणसं चालून येत असताना झेलायचा. आपल्याच गोलरेषेजवळून पहिल्या-दुसऱ्या धडकेत पुढे घुसून दहा मीटर मिळवायचे. हल्ली विंगर उंच आणि वजनदार निवडतात ते यासाठीच.

ट्रायनंतर दोन गुणांची कन्व्हर्जन किक मिळते. चेंडू जिथे टेकवला त्याच्या सरळ रेषेत, हवं तेवढं मागे जाऊन ती मारायची. इथेच विंगर आणि गोलकिकर एकच असण्यातली गंमत आहे, आणि दैनाही. विंगरच्या ट्राय बहुतेक कोपऱ्यात होतात. म्हणजे धापा टाकत, अंगावर दोन माणसं घेऊन पडलेला तोच खेळाडू उठतो आणि मैदानावरची सगळ्यांत अवघड किक मारायला जातो. खांबांमधलं अंतर साडेपाच मीटर, आडवी दांडी तीन मीटरवर. तीस मीटरवरून अगदी समोर उभं राहिलं तर ही जागा डोळ्यांना सुमारे साडेदहा अंशांची दिसते. तितकंच मागे पण बाजूच्या रेषेवर उभं राहिलं तर ती साडेचार अंशांच्या आसपास उरते आणि अंतरही वाढतं. पेनल्टीची किकही दोनच गुणांची. एका सामन्यात दोन्ही संघांच्या ट्राय सारख्या झाल्या तर निकाल या माणसाच्या पायावर लागतो.

या दुहेरी कामाची सर्वांत भरघोस कारकीर्द माझ्या मते हाझेम एल मसरीची. जन्म १९७६चा, लेबनॉनमधल्या त्रिपोलीचा. यादवी चालू असताना, १९८८मध्ये, कुटुंब सिडनीला आलं आणि त्यांनी बेलमोरच्या परिसरात बिऱ्हाड केलं. देशोदेशींहून कामासाठी आलेल्यांची ती वस्ती. आमच्या सुपेल्यात छत्तीसगढी, तेलुगू, ओडिया, बिहारी आणि नागपूर-भंडाऱ्याकडचे मराठी जसे एका बाजारात भेटतात तशी. मुलगा फुटबॉल खेळत आला होता, रग्बी लीग त्याने इथे शाळेत पाहिली. १९९६मध्ये तो घराजवळच्याच कँटरबरी बुलडॉग्जच्या मुख्य संघात आला.

पण किक त्याच्या वाट्याला लगेच आली नाही. त्याच संघात डॅरिल हॅलिगन होता. न्यूझीलंडचा, तोही विंगर, तोही गोलकिकर, आणि ऑस्ट्रेलियाच्या स्पर्धेत दोन हजार गुण ओलांडणारा पहिला माणूस. एल मसरीने त्याच्या सावलीत वर्षं काढली, शिकला. हॅलिगन २०००मध्ये २०३४ गुणांवर थांबला आणि चेंडू एल मसरीच्या हाती आला. २००४मध्ये त्याने एका हंगामात ३४२ गुण केले. त्या वर्षी बुलडॉग्जने अंतिम सामन्यात सिडनी रूस्टर्सना १६-१३ असं हरवलं. २००९च्या हंगामात त्याने अँड्र्यू जॉन्सचा २१७६ गुणांचा विक्रम मागे टाकला आणि त्याच वर्षी तेहतिसाव्या वर्षी तो निवृत्त झाला. पुढे २०१९मध्ये कॅमेरून स्मिथने तो विक्रम मोडला.

त्याचा हिशेब मांडून पाहा. ३१७ सामने, १५९ ट्राय, ८९१ गोल. ट्रायचे झाले ६३६, किकचे १७८२, बेरीज २४१८. दर चार गुणांमागे जवळजवळ तीन पायाने आलेले. प्रेक्षकांना आठवते ती कोपऱ्यातली झेप, पण गुणफलक मुख्यतः रिकाम्या मैदानावरच्या एकट्याच्या सरावाने हलत होता. सराव संपून बाकीचे घरी गेल्यावर दोन्ही कडांवरून पुन्हा पुन्हा चेंडू ठेवायचा, तीच पावलं मागे यायचं, तोच श्वास घ्यायचा. हे करायला माणसाकडे वेळ असावा लागतो, आणि तो वेळ त्याच्यासाठी क्लबने विकत घेतलेला होता. त्या पैशांनाही मर्यादा आहे. प्रत्येक क्लबने खेळाडूंवर एकूण किती खर्च करावा याची कमाल ठरलेली असते. २००२मध्ये बुलडॉग्जने ती चोरून ओलांडली होती हे उघड झालं, तेव्हा तक्त्यात अव्वल असलेल्या या संघाचे ३७ गुण कापले गेले आणि तो तळाला गेला.

भारतात रग्बी आहे ती दुसऱ्या शाखेची, म्हणजे उत्तरेतले क्लब जिच्यातून फुटले त्या मूळ रग्बी युनियनची. ट्रायला पाच, पेनल्टीला तीन. गोऱ्यांच्या कलकत्ता क्लबने १८७८मध्ये गाशा गुंडाळताना शिलकीतले चांदीचे रुपये वितळवून कप घडवला आणि इंग्लंड-स्कॉटलंड आजही त्या कलकत्ता कपसाठी झुंजतात. भारताचा राष्ट्रीय संघ मात्र १९९८मध्ये उतरला. त्या पहिल्या संघात अभिनेता राहुल बोस होता, विंगवरही खेळणारा. आज तो भारतीय रग्बी संघटनेचा अध्यक्ष आहे.

आपल्याकडचा विंगर आणि गोलकिकर बघायचा असेल तर जून २०१९मध्ये मनिलाला झालेला भारत-सिंगापूर महिलांचा सामना घ्यावा. कर्णधार पुण्याची वाहबिझ भरूचा. विंगवर बिहारमधल्या बाढची स्वीटी कुमारी, जिच्या वेगाची आशियाभर चर्चा होती. किक मारायला ओडिशातल्या जाजपूर जिल्ह्याची, भुवनेश्वरच्या कलिंग इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमध्ये शिकलेली सुमित्रा नायक. अखेरच्या मिनिटांत सुमित्राच्या पेनल्टीने भारत २१-१९ असा जिंकला. पंधराच्या रग्बीतला भारतीय महिलांचा हा पहिलाच आंतरराष्ट्रीय विजय. सिडनीत एक माणूस करत होता ते काम इथे दोघी मुलींनी वाटून घेतलं होतं, आणि त्या दोघींपैकी कुणाच्याही मागे क्लबचा पगार नव्हता.

पगाराची भारतीय वाट वेगळी आहे. आपण खेळाडूला खेळण्यासाठी पगार देत नाही, नोकरी देतो आणि नोकरीतून खेळायला सोडतो. रेल्वे, पोलीस, बँका, सार्वजनिक कारखाने. महाराष्ट्राची कबड्डी कित्येक दशकं यावर चालली. भिलाईत राजेश पटेल यांनी मुलींचा जो बास्केटबॉल उभा केला, त्यामागेही पोलाद कारखान्याचा आधार होता. बिहारने 'मेडल लाओ, नौकरी पाओ' योजनेतून रग्बी खेळणाऱ्यांनाही सरकारी नोकऱ्यांत घेतलं. ही वाट वाईट आहे असं मी म्हणणार नाही. विंगरचे पाय तिशीनंतर मंदावतात, नोकरी मात्र साठीपर्यंत सांभाळते. एल मसरीच्या क्लबमध्ये एवढी हमी कुणाला नव्हती. पण नोकरी पदक मिळाल्यावर येते. पदकापर्यंतची वर्षं कुणाच्या जिवावर काढायची, याचं उत्तर ती देत नाही.

व्यावसायिक लीग आल्या हे खरं. २०१४मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली आणि पाच वर्षांत कोल्हापूरकडच्या सिद्धार्थ देसाईला १ कोटी ४५ लाखांची बोली लागली. जून २०२५मध्ये मुंबईच्या अंधेरी क्रीडा संकुलात रग्बी प्रीमियर लीग झाली, सहा संघ, सात-सात खेळाडूंची रग्बी, चेन्नई बुल्स विजेते. तिथे भारतीय खेळाडूची सर्वांत मोठी बोलीसुद्धा पाच लाखांच्या आत राहिली आणि स्पर्धा दोन आठवड्यांत संपली. उरलेले पन्नास आठवडे शिल्लकच राहतात.

ते पन्नास आठवडे सुपेल्यात कसे जातात हे मला ठाऊक आहे. रुळांच्या पलीकडे टाउनशिप, सेक्टरमागून सेक्टर, रुंद रस्ते आणि मैदानं. कारखान्याने १९५९मध्ये पहिली धमनभट्टी पेटवली तेव्हापासून तिथल्या कायम कामगाराच्या मुलाला खेळायला जागा होती आणि बापाला रजा होती. अलीकडे सुपेला, जिथे रविवारचा बाजार रस्त्यावर येतो आणि पोरं त्याच दिवशी ठेल्यावर उभी असतात. कारखान्यात कायम माणसं घटत गेली आणि ठेक्यावरची वाढली. ठेक्यावरच्या माणसाला खेळाची रजा नसते, गेटपास नोंदला नाही की त्या दिवसाची मजुरी नाही. रायपूरला निवड चाचणी असली तर एकोणीस वर्षांचा ठेका-मजूर दोनदा विचार करतो, कारण खाडा त्याचाच. ठेल्यावरच्या मुलीचं तेच, फक्त तिच्या खाड्याची कुठे नोंदही होत नाही.

हडर्सफील्डच्या हॉटेलात ज्यावर तोडगा निघाला तो प्रश्न इथे तसाच उभा आहे, आणि तो सोडवायला कोटींच्या बोल्या लागत नाहीत. निवड चाचणीला बोलावताना जिल्हा संघटनांनी हजेरीपत्रक किंवा ठेकेदाराची चिठ्ठी पाहून त्या दिवसाची सरकारी किमान मजुरी द्यावी. खेळ कुठलाही असो, रग्बी, कबड्डी, बास्केटबॉल. ठेल्यावरून येणाऱ्यांसाठी चिठ्ठीची अटही नको, मैदानावरची सही पुरे. कारखान्याच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीतून एका जिल्ह्याची अशी वर्षभराची रक्कम काढणं अवघड नाही. सुरुवात पुढच्या हंगामाच्या पहिल्या चाचणीपासूनच करावी.